झेक वाड्याच्या दारात आबा

आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी शिकलेलं नव्हतं, पण आम्हा तिन्ही भावंडांना झेकोस्लोव्हाकियातल्या किल्ल्यांची नावं तोंडपाठ होती. कार्लश्टेन, ह्लुबोका, पेर्नश्टेन, क्रुमलोव्ह. शाळेत बाईंनी किल्ल्यांची नावं विचारली की सिंहगड, राजगड, तोरणा म्हणता म्हणता माझ्या तोंडून कार्लश्टेन निघून जायचा आणि वर्ग हसायचा. मला त्याची कधी लाज वाटली नाही. त्यांच्या घरी कार्लश्टेन नव्हता, आमच्या घरी होता.

तो कॅलेंडरवर होता. आबा, म्हणजे माझे वडील, पिंपरीतल्या ज्या कंपनीत टर्नर होते, तिथली मोठाली यंत्रं झेक होती. यंत्रांबरोबर ती बसवायला तिकडची माणसंही आली. रेल्वेलाइनच्या एका अंगाला कारखान्यांच्या शेडा उठत होत्या आणि दुसऱ्या अंगाला अजून ज्वारी उभी असायची, असा तो काळ. त्या झेक माणसांपैकी एक फिटर होता, त्याला मशीन शॉपमध्ये सगळे गोरा मिस्त्री म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यानं एकदा न विचारता आबांच्या डब्यातली भाकरी तोडून घेतली. त्याला ती भाकरी कुणाची, काय, याचा पत्ताच नव्हता. पण आबा त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाले, उद्यापास्नं दोन भाकरी जास्त दे. आमच्या गावात, म्हणजे चाकणच्या पलीकडं खेड तालुक्यात, आबांच्या डब्याला हात लावणारा माणूस निघाला नसता. आम्ही जातीनं महार. दीक्षा घेतल्यापासून बौद्ध. हे मी इथंच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

गोऱ्या मिस्त्रीनं नव्या वर्षाला आबांना कॅलेंडर दिलं. दर महिन्याला एक किल्ला. वर्ष संपलं तरी आबांनी ते उतरवलं नाही. पुढच्या वर्षी दुसरं आलं ते त्याच्या शेजारी लागलं. आमची खोली दहा पावलांची. तिच्या भिंतीवर एवढाले बुरूज. टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला कार्लश्टेन, कुणा राजानं आपला मुकुट आणि जवाहीर ठेवायला बांधलेला. पांढराशुभ्र ह्लुबोका, लग्नातल्या मिठाईसारखा. नदीच्या वळणात बसलेला क्रुमलोव्ह, ज्याच्या खंदकात पाण्याऐवजी अस्वलं पाळली आहेत. अस्वलांचं ऐकून आई म्हणाली, राखणीला माणसं मिळाली नसतील. आबा खूप हसले.

मिस्त्रीकडून आबा एकेक शिकत गेले. ह्राद म्हणजे लढाईचा किल्ला, झामेक म्हणजे सरदारांनी राहायला बांधलेला वाडा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या सरकारनं हे सगळं सरदारांकडून काढून घेतलं होतं आणि आता रविवारी कारखान्यातले कामगार बायकापोरांना घेऊन ते बघायला जात. हे आबांना फार आवडायचं. दहादा सांगायचे. पण त्या सगळ्या चित्रांत एक उणीव होती, ती आधी आबांनीच हेरली. सगळे फोटो बाहेरून काढलेले होते. भिंती, बुरूज, छपरं, झाडं. आतली एकही खोली नाही.

"आत कसं असंल?" ते म्हणायचे.

हे नुसतं कुतूहल नव्हतं. आमच्या गावात एक गढी होती. माझे आजोबा गावचे वेसकर. वेशीची राखण करायची, रात्री गढीच्या दरवाजाला बाहेरून टेकून झोपायचं, हाक आली की उभं राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांनी तो दरवाजा राखला आणि एकालाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. गढीसमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. दीक्षा घेतल्यावर आबा कंपनीच्या पहिल्या पगारातून घेतलेले बूट घालून गावी गेले आणि गढीसमोरून तसेच चालत गेले. ओरडा झाला, दगड आले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, आणि नंतर गावही सोडलं. त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांनी मनाशी बांधली होती, की विहार आणि आपलं घर सोडून दुसऱ्या कुठल्या दारात बूट काढायचे नाहीत.

मी आठवीत असताना कंपनीनं तीन माणसं काही महिन्यांच्या ट्रेनिंगला झेकोस्लोव्हाकियाला पाठवायची ठरवली. आबांचं नाव त्यात होतं. आमच्या वस्तीत कुणी मुंबईच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. पिंपरीत सूट शिवला, पुण्यातल्या कॅम्पातून नवे बूट आणले. निघताना आबांनी कॅलेंडरकडं बोट करून आम्हाला सांगितलं, "यातल्या एकाच्या तरी आत जाऊन येतो. मग सांगतो तुमाला."

परत आले तेव्हा स्टेशनवर वस्ती लोटली होती, हार घातले. संध्याकाळी खोलीसमोर चटया टाकून सगळे बसले. बर्फ सांगून झाला, ट्राम सांगून झाली, डुकराचं मटण आणि गोड भाताचे प्रकार सांगून झाले. मग मीच विचारलं, आबा, किल्ला?

आबांनी सांगितलं ते असं. एका रविवारी कारखान्याची बस सहलीला गेली. बरोबरचे दोघं त्या दिवशी खरेदीला शहरातच थांबले, म्हणून बसमध्ये आपल्याकडचे आबा एकटेच. एका झामेकला गेले. त्याचं नाव त्यांना तेव्हाही नीट सांगता आलं नाही. मोठी बाग, रांगेत कापलेली झाडं, पिवळ्या भिंती, वर घड्याळ. तिकिटं काढली. सगळे आत शिरले आणि आबा दारात पोचले, तर तिथं निळा डगला घातलेली एक म्हातारी बाई उभी. तिनं आबांच्या पायांकडं बोट दाखवलं आणि शेजारच्या पेटीकडं. पेटीत जुनेपाने, मळके कापडी सपाते. ती काहीतरी बोलली. परत बोट दाखवलं.

"म्हनजे बूट काढा आन्‌ हे घाला," आबा म्हणाले. "हितनं इतक्या लांब गेलो आन्‌ तिथं बी दारात तेच. म्या न्हाई गेलो आत."

ते बागेतल्या बाकावर बस सुटेपर्यंत बसून राहिले. सोबतच्यांनी खुणेनं विचारलं तर कपाळाला हात लावून दाखवला, डोकं दुखतंय म्हणून.

आबांनी ही गोष्ट शौर्य म्हणून सांगितली नव्हती. खाली बघून सांगितली होती. आई नुसतं "असू द्या" म्हणाली. पण त्या बैठकीत वस्तीचे जुने कार्यकर्ते होते, लहानथोर त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. म्हणाले, "अहो, राजाच्या दारात आपल्या माणसानं बूट न्हाई काढला. ह्याच्याहून मोठं काय आणायचं व्हतं परदेशातनं?"

झालं. चौदा एप्रिलच्या जयंतीला भाऊंनी आबांना स्टेजवर बोलावलं. आबांना बोलता यायचं नाही. चार वाक्यांत सांगून ते खाली उतरले, तरी टाळ्या थांबेनात. मग दर वर्षी तेच. आबा सांगायचे तेवढंच, पण गोष्ट आपसूक वाढत गेली. म्हातारी बाई जाऊन तिथं पहारेकरी आला. पहारेकऱ्याच्या हाती बंदूक आली. पोरं आबांना रस्त्यात गाठायची, "काय आबा, आज कुठल्या राजाला बूट दाखवून आलात?" आबा लाजायचे. आवडायचंही त्यांना. का आवडू नये? जन्मभर वाकून उभ्या राहिलेल्यांचं पोर होतं ते. पण घरात कॅलेंडर मात्र उतरलं. आईनं भिंतीला चुना लावायला काढलं ते आबांनी परत लावू दिलं नाही.

काही वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, पुण्याच्या कॉलेजात जाऊ लागले. आमच्या वस्तीतली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी मी, आणि हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. पुढं बी. ए. झाले, त्याचे पेढे आबांनी अख्ख्या शॉपमध्ये वाटले. पण मी सांगतेय ते त्याच्या आधीच्या वर्षाचं.

कंपनीत तेव्हा दुसरा एक झेक इंजिनिअर आला होता. त्याचं काम संपलं, तो परत निघाला. जाण्याआधी कामगारांच्या कुटुंबांना आपला देश दाखवायचा म्हणून त्यानं कंपनीच्या हॉलमध्ये स्लाइड शो ठेवला. भिंतीवर पांढरी चादर ताणली, पुढं सतरंज्या. आई धाकट्यांना घेऊन घरीच राहिली, मी आणि आबा गेलो. इंजिनिअर इंग्रजीत बोलायचा आणि ऑफिसातले एक क्लार्क मराठीत सांगायचे. इंग्रजी मला कळत होतं, म्हणून मी आबांना क्लार्कच्या आधीच कानात सांगत होते. खरं म्हणजे मिरवत होते.

कार्लश्टेन आला. आबांनी माझा हात दाबला. ह्लुबोका आला, क्रुमलोव्ह आला, खंदकातलं अस्वल आलं, पोरं ओरडली. आणि मग पहिल्यांदा आतली खोली आली. मोठा दिवाणखाना, भिंतीला उंच आरसे, लाकडाच्या नक्षीची चकचकीत जमीन. त्या जमिनीवर इंजिनिअरची बायको, एक हॅटवाला म्हातारा आणि इंजिनिअरची लहान मुलगी. तिघांच्याही पायांत भलेमोठे कापडी सपाते. आणि सपात्यांच्या आत, स्पष्ट दिसत होते, बूट. मुलीच्या सँडलचा पट्टासुद्धा वर डोकावत होता.

इंजिनिअर हसत सांगत होता. आमच्याकडं जुन्या वाड्यांत शिरताना प्रत्येकाला हे बुटावरून चढवावे लागतात. जमीन तीनशे-चारशे वर्षांची आहे, टाचांनी खराब होते. पोरांना तर घसरत जायला मजा वाटते, आणि लोकांच्या पायांनी फुकटात पॉलिशही होतं.

हॉल हसला. मी आबांच्या कानाशी गेले होते, तशीच थांबले. मला सांगायची गरज उरली नाही. क्लार्कनी मोठ्यानं मराठीत सांगितलं, "बूट काढायचे नाहीत, बुटावरूनच घालायचे, सगळ्यांनी."

आमच्या मागं वस्तीतली दोन-तीन पोरं बसली होती, तीच, रस्त्यात आबांची थट्टा करणारी. पुढच्या स्लाइडचा खटकन आवाज होऊन चादर उजळली. आबांनी हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा, कोपरापासून सरळ.

"साहेबांना इचारा," ते क्लार्कला म्हणाले, "हे समद्यांना? गोऱ्या लोकांना बी?"

क्लार्कनी विचारलं. इंजिनिअरला प्रश्नाचं नवल वाटलं असावं. म्हणाला, अर्थात सगळ्यांना. मंत्री आला तरी.

आबांनी मान हलवली आणि हात खाली घेतला. शो बराच वेळ चालला. खोल्यांमागून खोल्या येत होत्या, लोक हं हं करत होते. मी आबांकडं बघत होते. चादरीचा उजेड त्यांच्या तोंडावर लाल, हिरवा, पिवळा होत होता आणि त्यांचे डोळे त्यातल्या कशावरच नव्हते.

घरी येताना आम्ही रेल्वेलाइनच्या कडेनं चालत आलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तुम्हाला भाषा येत नव्हती आबा, कुणालाही तसंच वाटलं असतं.

"कुनालाबी न्हाई वाटलं," ते म्हणाले. "बसमधी चाळीस मानसं व्हती. मलाच वाटलं." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "बाई दुसऱ्यांदा म्हनाली तवा हसून म्हनाली व्हती. मला वाटलं, हसती हाय मला."

ती बाई हसली होती हे आबांनी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. स्टेजवर नाही, घरीही नाही.

जयंती जवळ आली. भाऊ नेहमीप्रमाणे आबांचं नाव कार्यक्रमात घालायला घरी आले. आबांनी त्यांना स्लाइडचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, आता मी ते बोलणार नाही. भाऊंना पोरांकडून आधीच कळलं होतं. ते शांतपणे चहा प्याले.

"तुमी बूट न्हाई काढला, हे तर खरं ना?" भाऊ म्हणाले.

"काढा म्हनलंच न्हवतं कुनी."

"पन म्हनलं असतं, तर काढला असता का?"

"न्हाई."

"मग झालं तर. पोरांना तेवढंच लागतंय, आबा."

आबांना ते पटलं नाही. भाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी वस्तीत किती पोरं शाळेत घातली ते मी पाहिलंय, मला कॉलेजात पाठवा म्हणून आबांच्या मागं लागणारेही तेच. त्या दिवशी दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं, आणि म्हणूनच त्यातून वाट निघेना.

जयंतीला आबा स्टेजवर गेले. माईकसमोर उभे राहिले आणि जे होतं ते सांगितलं. तिथं सगळ्यांनाच बुटावरून सपाता घालावा लागतो. बाईनं आपल्याला आत बोलावलं होतं. आपण गेलो नाही. "गढी म्या हितनंच डोक्यात घेऊन गेलो व्हतो," एवढं बोलून ते थांबले. लोकांना हसावं की टाळ्या वाजवाव्या ते कळेना. मागं कुठंतरी एक पोरगं फिसकन हसलं, त्याला कुणी तरी दाबलं. मग भाऊंनी घोषणा दिली आणि कार्यक्रम पुढं सरकला.

त्यानंतर वस्तीनं आबांना काही वावगं म्हटलं नाही. फक्त विचारायचं बंद केलं. रस्त्यात पोरं राजाचं विचारीनात. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाचं भाषण ठेवलं. कंपनीत मात्र एकानं टोमणा मारला, काय आबा, वाडे बाहेरूनच बरे दिसतात नाही? आबा घरी येऊन जेवले नाहीत.

त्यांनी परत जायची धडपड केली. हे मला उशिरा कळलं. ट्रेनिंगची पुढची बॅच जाणार असं ऐकून ते साहेबांना भेटले. साहेब म्हणाले, तुम्ही एकदा जाऊन आलात, आता डिप्लोमावाली पोरं पाठवायची आहेत. यात साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आबांनी तरी कुठल्या तोंडानं सांगायचं, की मला यंत्र शिकायचं नाही, मला एका घराच्या आत जायचंय?

मी नोकरीला लागले. मनात होतं, कधीतरी त्यांना घेऊन जाऊ. कधीतरी म्हणजे कधी, ते मलाही ठाऊक नव्हतं. आमच्यासारख्यांना तेव्हा महाबळेश्वरही लांब होतं. एकदा सुट्टीत सगळ्यांना लोहगडावर नेलं. आबा दम खात वर चढले, पडलेल्या भिंती, उघडं आभाळ बघितलं आणि म्हणाले, "हितं बरं हाय. आत-भायेर काय उरलंच न्हाई." पण ते बघायला आल्यासारखे बघत नव्हते. एका दगडावर बसून राहिले.

रिटायर व्हायच्या आधीच आबांना आजार जडला. आधी काविळीचं निमित्त झालं, मग यकृतच गेलं असं डॉक्टर म्हणाले. शेवटचे दिवस दवाखान्यात. मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जायची, आई तेव्हा घरी जाऊन स्वयंपाक करून यायची. आबा फारसं बोलत नसत. एकदा असंच, खिडकीतून कारखान्याचा भोंगा ऐकू आला, शिफ्ट सुटली, आणि त्यांनी डोळे उघडले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "त्या चादरीवर लई खोल्या दावल्या. सपात्याच्या पुढचं मला काईच दिसलं न्हाई बघ. नुसता उजेड दिसला. तू तर शेजारीच व्हतीस. सांग की, आत काय काय व्हतं?"

मी बी. ए. झालेली बाई. चार खोल्या रचून सांगणं मला अवघड नव्हतं. पलंग, झुंबर, चांदीची ताटं, कुणीही सांगेल. आणि त्यांनी ते ऐकलंही असतं. पण ज्या माणसानं भरल्या सभेत स्वतःची टाळी स्वतः परत केली, त्याला खोटी खोली कशी दाखवू?

"आबा, मी पडद्याकडं बघत नव्हते," मी म्हटलं. "तुमच्याकडं बघत होते. मलाही पुढचं काही आठवत नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत.

"म्हनजे आपल्यातलं कुनीच न्हाई गेलं," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की पुण्यातल्या एखाद्या वाचनालयात त्या वाड्यांचं चित्रांचं पुस्तक असेल, मी शोधते, आणते, आपण दोघं मिळून बघू. ते बरं म्हणाले. मला वेळ मिळेल तशी मी दोन वाचनालयं पालथी घातली. एका ठिकाणी यंत्रांची झेक पुस्तकं होती, वाड्यांचं नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी जाणार होते त्या सकाळी दवाखान्यातून निरोप आला.